शंभर टन बर्फ आणि साडेचारशे कोटींची मालगाडी

१८३३ च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या बॉस्टन बंदरातून ‘टस्कनी’ नावाचं जहाज कलकत्त्याला निघालं. पोटात १८० टन बर्फ. मॅसॅच्युसेट्समधल्या तळ्यांवर हिवाळ्यात आपोआप गोठलेला, करवतीनं चौकोनी कापून काढलेला. आफ्रिकेला वळसा घालून, विषुववृत्त दोनदा ओलांडून चार महिन्यांनी जहाज हुगळीत शिरलं, तेव्हा त्यातला १०० टन बर्फ अजून बर्फच होता. फ्रेडरिक ट्यूडर हा त्यामागचा व्यापारी. सुरुवातीला बॉस्टनकरांनी त्याची यथेच्छ टिंगल केली होती. पुढच्याच वर्षी असा बर्फ मुंबईत उतरला. जमशेटजी जीजीभॉय यांनी मेजवानीत पाहुण्यांना आइस्क्रीम खाऊ घातलं आणि खाणाऱ्यांना पडसं झाल्याची बातमी ‘मुंबई समाचार’मध्ये आली, असं सांगतात. मद्रासला या बर्फासाठी बांधलेलं बर्फघर आजही समुद्रकिनाऱ्यावर उभं आहे.

आता थोडा हिशेब करू. एक टन बर्फ वितळताना भोवतालची जी उष्णता ओढून घेतो ती ९३ युनिट भरते. युनिट म्हणजे आपल्या वीजबिलावरचंच, एक किलोवॉट-तास. म्हणजे कलकत्त्यात उतरला तो सव्वानऊ हजार युनिटांचा गारवा. आजच्या बर्फ कारखान्यात एक टन लादी पाडायला साधारण साठेक युनिट वीज लागते. शंभर टनांना सहा हजार. सीएटीएल या चिनी कंपनीनं एप्रिल २०२४ मध्ये वीस फुटी कंटेनरात बसवलेली जी बॅटरी जाहीर केली, ती ६,२५० युनिटांची आहे. टस्कनीनं कलकत्त्यात जेवढं उतरवलं ते आज न्हावाशेव्याच्या रस्त्यावर धावणाऱ्या एका ट्रेलरवर मावतं, वर थोडं उरतं.

तरीही ट्यूडरचा हिशेब मला आजच्या कित्येक प्रकल्प अहवालांपेक्षा शहाणा वाटतो. थंडी फुकटची, दर हिवाळ्यात नव्यानं येणारी. बर्फाभोवती गुंडाळलेलं आवरण म्हणजे लाकडाच्या वखारीतला भुसा आणि चामडं कमावणाऱ्यांनी फेकून दिलेली झाडाची साल. तेही जवळजवळ फुकट. जहाजं हिंदुस्थानकडे येताना अर्धी रिकामीच असत, परतताना नीळ-कापूस-ताग भरून जात, त्यामुळे इकडे येतानाचं भाडंही स्वस्त. फुकटची ऊर्जा, कचऱ्याचं आवरण आणि तसंही निघालेलं वाहन, या तीन गोष्टी जुळल्या म्हणून वाटेत ८० टन माल पाणी होऊन गेला तरी धंदा टिकला, आणि कारखान्यात बर्फ बनू लागेपर्यंत जवळजवळ अर्धशतक टिकला.

ऊर्जा साठवायची, ती चाकांवर घालून हवी तिथे न्यायची आणि परवडेल अशा भावात न्यायची, हा आज जगभरातल्या प्रयोगशाळांचा आणि कंपन्यांचा ध्यास आहे. दुपारी सौर वीज जास्त होते, रात्री कमी पडते. कारखान्यांच्या धुराड्यांतून उष्णता वाया जाते आणि सात किलोमीटरवरचा दुसरा कारखाना त्याच वेळी तेल जाळत असतो. या विषयावरच्या प्रत्येक लेखात एक आकडा हमखास असतो: पृथ्वीवर पडणारं एका तासाचं ऊन सगळ्या मानवजातीच्या वर्षभराच्या ऊर्जेएवढं आहे. आकडा खरा आहे. पृथ्वीवर पडणारं ऊन १,७३,००० अब्ज किलोवॉट... नाही, एवढी शून्यं लिहून काही हाती लागत नाही. शिवाय त्यातलं बरंचसं ऊन महासागरांवर पडतं, तीस टक्के तर परत अवकाशात जातं. या आकड्यानं माणूस दिपतो, पण शहाणा होत नाही. त्यापेक्षा एक बादली पाणी घ्या.

इंग्लंडमधल्या सॅल्फर्डच्या जेम्स जूलनं १८४० च्या दशकात पाण्यात पंखे फिरवून मोजलं, की पाणी एक अंशानं तापवायला जेवढी ऊर्जा लागते तेवढ्यात तेच पाणी किती उंच नेता येईल. आजचा आकडा आहे ४२७ मीटर. एका अंशाला ४२७ मीटर! आंघोळीची पंधरा लिटरची बादली आपण २५ अंशांनी तापवतो. तेवढ्या ऊर्जेत ती बादली साडेदहा किलोमीटर उंच गेली असती, एव्हरेस्टच्याही जवळजवळ दोन किलोमीटर वर. उलट, पायथ्यापासून नव्हे तर समुद्रसपाटीपासून एक लिटर पाणी कळसूबाईच्या माथ्यावर नेऊन ठेवलं, तर त्यात साठलेली ऊर्जा तेच पाणी चार अंशसुद्धा तापवू शकत नाही.

उष्णता इतकी दांडगी आणि उंची इतकी किरकोळ आहे, हे एकदा मनात बसलं की पुढचे सगळे आकडे वेगळे दिसू लागतात. कोयनेचंच पाहा. धरणाचा जलाशय, शिवाजीसागर, काठोकाठ भरला की २,७९७ दशलक्ष घनमीटर पाणी, म्हणजे जवळजवळ ९९ टीएमसी. पोफळीच्या वीजघरात ते सुमारे ४७५ मीटर खाली पडतं. थेंबही वाया न घालवता सगळं पाणी एकदा उतरवलं तर ३६२ कोटी युनिट मिळतील. महाराष्ट्राची भाग्यरेखा म्हणून ज्या धरणाकडे बोट दाखवत आपण मोठे झालो, त्याच्या पोटातली ही सगळी ऊर्जा. भारत आज दिवसाला सुमारे ५०० कोटी युनिट वीज तयार करतो. म्हणजे अख्खा शिवाजीसागर देशाला सतरा-अठरा तास पुरेल. कोळकेवाडीचा खालचा टप्पा जमेस धरला तरी एक दिवस भरत नाही.

दुसऱ्या बाजूनं हा आकडा आणखी चक्रावणारा आहे. ४७५ मीटर म्हणजे जूलच्या हिशेबात सव्वा अंशाहूनही कमी. शिवाजीसागराचं सगळं पाणी सकाळपेक्षा संध्याकाळी एकच अंश कोमट झालं, तर त्यात शिरलेली उष्णता जवळजवळ त्या पाण्याच्या पूर्ण पडण्याएवढी असते. आणि चंद्रपूरचं महाऔष्णिक केंद्र, क्षमता २,९२० मेगावॉट, पूर्ण भारानं चाललं तर दिवसाला सात कोटी युनिट वीज देतं आणि त्याच दिवशी साडेबारा कोटी युनिटांच्या आसपास उष्णता कूलिंग टॉवर आणि चिमणीवाटे हवेत सोडतं. महिनाभरात एक अख्खा शिवाजीसागर आकाशात जातो! कुणाच्या हलगर्जीपणामुळे नव्हे; वाफेवर चालणाऱ्या यंत्राचा तो स्वभाव आहे. त्यातली बहुतेक उष्णता चाळीसेक अंशांची, नुसती ऊब असते, तिच्यावर चहाही होणार नाही. वाया जाणाऱ्या ऊर्जेबद्दल बोलताना ही गोष्ट सहसा गाळली जाते. किती युनिट वाया गेली हे विचारण्याआधी किती अंशांवर वाया गेली हे विचारावं लागतं. सिमेंटच्या भट्टीतून किंवा पोलादाच्या कारखान्यातून बाहेर पडणारी तीनशे अंशांची उष्णता वेगळी आणि कूलिंग टॉवरवरची वाफ वेगळी.

आता चाकांकडे येऊ. पेट्रोल पंपावर गाडीत नळी घातली की मिनिटाला पस्तीसेक लिटर पेट्रोल जातं. लिटरमध्ये नऊ युनिटांहून अधिक ऊर्जा असते. म्हणजे मिनिटाला सव्वातीनशे युनिट. शक्तीच्या मापात १९ मेगावॉट. अहिल्यानगर (पूर्वीचं अहमदनगर) आणि ठाणे जिल्ह्यांच्या सीमेवर घाटघरला उदंचन जलविद्युत प्रकल्प आहे, रात्री पाणी वर चढवायचं आणि मागणीच्या वेळी खाली सोडायचं. त्यात १२५ मेगावॉटची दोन यंत्रं आहेत. पंपावर सहा-सात नळ्या एकाच वेळी चालू असतील, तर त्यांतून वाहणारी ऊर्जा घाटघरच्या एका यंत्राएवढी होते. पंपावरचा मुलगा एका हाताने १९ मेगावॉट धरून दुसऱ्या हाताने सुटे पैसे मोजत असतो. त्या मानानं ६० किलोवॉटचा विजेचा चार्जर तीनशे पटींनी बारका आहे. अर्थात पेट्रोलच्या इंजिनात पाऊण ऊर्जा उष्णता होऊन जाते आणि विजेच्या गाडीत तसं होत नाही, तेव्हा खरा फरक ऐंशी पटींचा म्हणा. ऐंशी काय थोडे झाले? खनिज इंधनाची सवय सुटत नाही याचं मोठं कारण त्या नळीत आहे. कोट्यवधी वर्षं दाबून ठेवलेलं ऊन आपण मिनिटात ओततो आणि मग तशीच अपेक्षा बॅटरीकडून करतो.

कोळशाच्या मालगाडीशी तुलना केली की बॅटरीची खरी पंचाईत कळते. ५८ वाघिणींची एक गाडी सुमारे पावणेचार हजार टन कोळसा आणते. आपल्याकडच्या कोळशावर एक युनिट वीज करायला सातशे ग्रॅम लागतात असं धरलं, तर एका गाडीतून ५४ लाख युनिट वीज निघते. आता त्याच वाघिणींवर त्याच वजनाच्या बॅटऱ्या चढवा. कंटेनर, थंड ठेवायची यंत्रणा, लोखंडी सांगाडा सगळं धरून किलोमागे १२० वॉट-तास मिळतात. गाडीभर झाले साडेचार लाख युनिट. कोळशाचा बारावा हिस्सा. चंद्रपूरच्या केंद्राला पूर्ण भारावर दिवसाला कोळशाच्या तेरा गाड्या लागतील. तेवढीच वीज बॅटरीतून आणायची तर १५५ गाड्या, दर सव्वानऊ मिनिटांना एक. आणि कोळशाची गाडी परत जाताना रिकामी, हलकी असते. बॅटरीची गाडी रिकामी झाली तरी तिचं वजन एक किलोही कमी होत नाही. तेवढंच ओझं परत न्यायचं. म्हणजे स्टेशनात उभ्या असलेल्या माणसाला पाच मिनिटं शांतता मिळणार नाही.

इथवर वाचून कुणी म्हणेल, मग सोडा ना तो नाद. पण ही गाडी ओढायला किती वीज लागेल? रुळावर पोलादी चाक फिरतं तेव्हा घर्षण इतकं कमी असतं की हजार टन वजन सपाटीवर एक किलोमीटर न्यायला पाच-सहा युनिट पुरतात. हजार टन, एक किलोमीटर, पाच-सहा युनिट. घरातला एसी चार तास चालवला तर तेवढी लागतात. आपली गाडी वाघिणींसह पाच हजार टनांची. पाचशे किलोमीटर जाऊन पाचशे किलोमीटर परत यायला तिला तीस हजार युनिटांच्या आत लागतील, म्हणजे पोटातल्या साठ्याच्या सहा-सात टक्के. घाट लागला, सिग्नलला थांबावं लागलं तर थोडी जास्त. बॅटरी भरताना-उतरवताना दहा-पंधरा टक्के जातात ते वेगळे. तरीही राजस्थानातलं दुपारचं ऊन रुळावरून महाराष्ट्रात आणण्यात जाणारी ऊर्जा, तारेवरून आणताना आणि गल्लीबोळांत वाटताना होणाऱ्या गळतीच्या तुलनेत लाजिरवाणी नाही.

ओझं वाहून नेणं महाग नसेल, तर अडतंय कुठे? पैशात. २०१० मध्ये लिथियम बॅटरीचा संच एका युनिटाच्या साठवणीला हजार डॉलरच्या वर पडत होता. २०२४ मध्ये ब्लूमबर्गच्या पाहणीत तो सरासरी ११५ डॉलरवर आला. युनिटाला दहा हजार रुपये धरून आपल्या मालगाडीतल्या बॅटऱ्यांची किंमत काढली तर साडेचारशे कोटी रुपये होते. टनाला तीन हजार रुपये भावानं कोळशाच्या गाडीतला माल होतो एक कोटी तेरा लाखांचा. कोळशाची गाडी चार तास सायडिंगला पडून राहिली तर कुणाचं काही जात नाही. साडेचारशे कोटींची गाडी पडून राहिली तर व्याजच घड्याळाच्या काट्याबरोबर धावत असतं.

या व्यवसायाचा सगळा मामला इथेच, किती वेळा भरली आणि किती वेळा रिकामी केली यात आहे. आपल्याकडच्याच निविदा घ्या. २०२२ मध्ये केंद्राच्या सौर ऊर्जा महामंडळानं हजार मेगावॉट-तासांच्या साठवणीसाठी निविदा काढली, तेव्हा भाडं ठरलं एका मेगावॉटला महिन्याला १०.८४ लाख रुपये. एका मेगावॉटमागे दोन हजार युनिटांची साठवण. २०२५ मध्ये काही निविदांत, सरकारी मदत धरून, हेच भाडं अडीच लाखांच्या खाली आलं. २.२ लाख धरू. ही बॅटरी दिवसातून दोनदा भरून रिकामी केली तर एका युनिटाच्या साठवणीला पडले १ रुपया ८३ पैसे. दिवसातून एकदाच वापरली तर ३ रुपये ६७ पैसे. आणि महिन्यातून एकदाच, अडीअडचणीला म्हणून ठेवली तर? एका युनिटाला ११० रुपये. तीच पेटी, तोच कारखाना, तेच लिथियम.

म्हणून ‘स्वस्त बॅटरी’ असं कुणी म्हटलं की मी आधी विचारतो, वर्षातून किती फेरे? आणि चाकांचा खरा उपयोग इथे आहे. एका जागी खिळवलेली बॅटरी तिथली गरज संपली की झोपते. चाकांवरची बॅटरी दुसऱ्या गरजेकडे जाऊ शकते. कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत अमोल फडके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच हिशेब अमेरिकन रेल्वेवर मांडला. तिकडची एक मालगाडी दहा लाख युनिटांच्या आसपास साठा वाहू शकते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासाचा निष्कर्ष असा, की वर्षातल्या एक टक्क्याहूनही कमी वेळ येणाऱ्या संकटांसाठी, म्हणजे वणवा, गोठवणारं वादळ, उष्णतेची लाट यांसाठी, नव्या तारा ओढण्यापेक्षा किंवा जागोजागी बॅटऱ्या बसवण्यापेक्षा फिरती रेल्वे बॅटरी स्वस्त पडू शकते. रोजच्या विजेसाठी मात्र तारच बरी. चंद्रपूरला सव्वानऊ मिनिटांना गाडी सोडण्याचा आपला खेळ कागदावरच राहू द्यावा.

तसे आकडे कागदावर मांडायला मजा येते, हे मान्य. देशाची अर्ध्या दिवसाची वीज, २५० कोटी युनिट, पाच हजार युनिटांच्या पेट्यांत भरायची तर पाच लाख कंटेनर लागतील. अशक्य वाटतं? न्हावाशेव्याच्या बंदरातून वर्षाला सत्तर लाखांवर वीस फुटी कंटेनर ये-जा करतात. पाच लाख म्हणजे तिथली महिन्याभराचीही वर्दळ नाही. जागेचा आणि पेट्यांचा प्रश्न नाहीच. किंमत मात्र होते २५ लाख कोटी रुपये, केंद्र सरकारच्या वर्षभराच्या अर्थसंकल्पाच्या जवळजवळ निम्मी. तेव्हा तो खेळही इथेच थांबवू.

बॅटरी सोडून नुसती उष्णताच ट्रकवर घालून न्यायची कल्पना मला अधिक भावते, कारण तिच्यात ट्यूडरचा वास आहे. जर्मनीतल्या हाम शहरात गेल्या दशकात हा प्रयोग झाला. कचरा जाळणाऱ्या केंद्रातून वाया जाणारी १३० अंशांची उष्णता घ्यायची, सात किलोमीटरवरच्या कारखान्यात माल वाळवायला न्यायची. ट्रकवर १४ टन झिओलाइट. कपडे धुण्याच्या पावडरीत असतो तोच, बारीक छिद्रांचा खडा. गरम हवेनं तो कोरडा केला की भरला. ओलसर हवा त्यातून सोडली की पाणी शोषताना तो तापतो आणि उष्णता परत देतो. कोरडा ठेवला तर महिनाभर पडून राहिला तरी गळती नाही, आवरण नको, गरम ठेवायची दगदग नको. एका खेपेत २,३०० युनिट उष्णता. किलोमागे १६० वॉट-तासांच्या वर, म्हणजे वजनाला लिथियमच्या कंटेनरपेक्षा सरस! अर्थात ही उष्णता आहे, वीज नव्हे; तिच्यावर पंखा फिरत नाही. खर्च आला हजार युनिटांना ७३ युरो. युरोपात गॅस महाग झाला की हा भाव चालतो, स्वस्त झाला की नाही.

महाराष्ट्रात हा ट्रक चालेल का? मला शंका आहे, आणि शंकेचं कारण साखर कारखान्याच्या आवारात ढीग घालून पडलेलं असतं. एक टन ऊस गाळला की पावणेतीनशे-तीनशे किलो बगॅस निघतो. अर्धा पाण्यानं भिजलेला असला तरी किलोमागे दोन युनिट उष्णता देतो. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पाच टन बगॅस घातला तर दहा हजार युनिट झाले, झिओलाइटच्या ट्रकच्या चौपट, तेही परतीचं ओझं नसताना. ज्या मुलखात ऊन स्वतःच चिपाडात साठून रस्त्यावर येतं, तिथे कोरड्या खड्यांचे ट्रक फिरवणं जरा अतिच. इंदूरनं तर ओल्या कचऱ्याचंच केलं: फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झालेला तिथला प्रकल्प दिवसाला ५५० टन ओला कचरा घेऊन १७ हजार किलो गॅस देण्याच्या क्षमतेचा आहे. एवढ्या गॅसमध्ये सव्वादोन लाख युनिट ऊर्जा असते. आपल्या बॅटरीवाल्या मालगाडीच्या निम्मी. बॅटरीत तेवढ्यासाठी १,९०० टन वजन हवं. गॅस, लोखंडी बाटल्यांच्या कॅस्केडसकट, सव्वाशे टनांच्या आत. शहरातल्या भाजीच्या देठांना आणि आंब्याच्या सालींना कमी लेखू नये.

वीज लागतेच अशी ठिकाणं मात्र उरतात, आणि तिथे चाकांवरच्या बॅटरीची स्पर्धा महावितरणच्या दराशी नाहीच. तिची स्पर्धा मांडवामागे धडधडणाऱ्या जनरेटरशी आहे. जनरेटर एका लिटर डिझेलमधून तीन-सव्वातीन युनिट काढतो. डिझेल ९० रुपये धरलं तर युनिटाला किमान सत्तावीस रुपये पडले, त्यात भाडं आणि ऑपरेटर धरलेला नाही. लग्नाच्या मांडवात सरासरी ४० किलोवॉट भार सहा तास चालला तर २४० युनिट, म्हणजे साडेसहा हजारांचं डिझेल. तीच वीज तात्पुरत्या जोडणीच्या महागड्या दरानं, भरताना होणारी तूट धरून, बारा रुपयांनी घेतली तरी तीन हजारांच्या आत. रोजची बचत तीन हजार सहाशे. त्यासाठी ३०० युनिटांची बॅटरी हवी; वजन अडीच टन, छोट्या टेम्पोवर बसेल; किंमत, फिरती म्हणून थोडी जास्त धरू, ३६ लाख. वर्षात शंभर दिवसच वापर झाला तर पैसे वसूल व्हायला दहा वर्षं. अडीचशे दिवस झाला तर चार.

अडीचशे दिवस आणायचे कुठून? महाराष्ट्राचं वर्ष त्यासाठी पुरेसं भरगच्च आहे. मार्गशीर्षापासून ज्येष्ठापर्यंत लग्नं, फेब्रुवारी-मार्चमध्ये नाशिककडच्या द्राक्षांची पॅकहाउस, एप्रिल-मे महिन्यांत जत्रा, पावसाळ्यात पाण्याखाली गेलेली उपकेंद्रं, आणि कोल्हापूर-सांगलीनं २०१९ आणि २०२१ मध्ये ती पाहिली आहेत. मग गणपती, नवरात्र, दिवाळीनंतर पुन्हा लग्नं. मधल्या रिकाम्या दिवसांत चित्रीकरणं आणि रात्रीची रस्त्यांची कामं. एकेका ऋतूचा ग्राहक ही बॅटरी पोसू शकत नाही. सगळे मिळून पोसतात. आणि ती भरायची दुपारी, जेव्हा शिवारातल्या सौर प्रकल्पांची वीज घेणारं कुणी नसतं. मुंबईत मासळी उतरते त्या सासून डॉकच्या बर्फालाही हेच लागू. टनाला साठ युनिटांची ती लादी रात्रीऐवजी दुपारच्या सौर विजेवर पाडली, तर मासळीचा प्रत्येक ट्रक नवं यंत्र न घेता ऊन वाहू लागेल.

तेव्हा पुढच्या वेळी घरचं कार्य असो की मंडळाचा उत्सव, मांडववाल्याकडून जनरेटरचं बिल आलं की त्याला दोनच आकडे विचारा: डिझेल किती रुपयांचं जळलं आणि मीटरवर युनिट किती पडली. भागाकार सत्तावीस रुपयांच्या वर गेला, आणि बहुतेक वेळा तो जातोच, तर तालुक्यातल्या चार मांडववाल्यांना एकत्र बसवून एक बॅटरीचा टेम्पो घ्यायला सांगा. त्यांचाही हिशेब जुळेल, पण टेम्पो वर्षातले अडीचशे दिवस बाहेर असला तरच.